एक भरलेली बुधली

पुंडलिक उकर्डे दारूच्या बुधल्या जमवायचा आणि त्यानं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला तो या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायचा. पाहुणा हसायचा. ते हसू पुंडलिकला आवडायचं.

बुधल्या म्हणजे मुठीत मावतील एवढ्याशा सुरया. लोणच्याची बरणी असते ना, तसल्याच भट्टीत कडक भाजलेल्या मातीच्या. वरून तपकिरी, खाली सायीच्या रंगाच्या, बाजूला करंगळीही नीट जाणार नाही एवढा कान. छावणीत इंग्रज होते तेव्हा साहेब लोकांसाठी विलायतेहून गोड, मसाल्याची दारू यायची आणि तिचा नमुना म्हणे असल्या बुधल्यांतून पाठवत. साहेब गेले, बुधल्या राहिल्या. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या न्हाणीत खोबरेल ठेवायला, कुणाच्या देवळीत गंगाजळ ठेवायला.

पहिली बुधली त्यानं आता वसतिगृहात राहून शिकणाऱ्या लेकीच्या, श्रेयाच्या भातुकलीसाठी घेतली होती. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात कमरोद्दीन नावाचा माणूस जुनी कुलपं, कंदील, पितळी तोट्या, हत्यारं असा पसारा गोणपाटावर मांडून बसायचा, त्याच्याकडून. श्रेयाचा जीव त्या बुधलीत एका संध्याकाळपुरता रमला. पुंडलिकचा मात्र अडकला. तो चिकलठाण्याच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात होता. केसाएवढा फरक सापडला की माल बाजूला, हेच दिवसभराचं काम. या बुधलीच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नव्हत्या, तळ जरा तिरका होता, आणि कान जिथं चिकटवला होता तिथं कुणा विलायती कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा राहून गेला होता. पुंडलिकनं त्यावर आपला अंगठा टेकवून पाहिला. बरोबर बसला.

तिथून पुढं दर गुरुवारी तो कंपनीतून परस्पर छावणी गाठू लागला. कमरोद्दीन त्याच्यासाठी माल बाजूला काढून ठेवी. मोबाइलवर बुधल्या जमवणाऱ्यांचा एक गट सापडला. पुण्याचे, कोलकात्याचे, एकजण तर थेट विलायतेतला. बुडाच्या शिक्क्यांचे फोटो टाकायचे, कुठली कुठल्या सालची यावर वाद घालायचा. बैठकीत टीव्ही होता तिथं पुंडलिकनं सुताराकडून काचेचं कपाट करून घेतलं आणि टीव्ही आतल्या खोलीत गेला. त्याची बायको द्वारका यावर काही बोलली नाही. नवऱ्याला पत्ते नाहीत, गुटखा नाही, मातीचं वेड आहे तर असू दे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पुंडलिकचा धाकटा भाऊ गोकुळ गावी, करमाडलाच राहिला होता. पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचं काम त्याच्या हातात होतं. आसपासच्या चार गावांत मोटार जळाली की माणूस गोकुळकडं यायचा. मग रान कंपन्यांसाठी गेलं, विहिरी बुजल्या, मोटारी थांबल्या. रिकामा झालेला गोकुळ जालना रोडवरच्या धाब्यांवर बसू लागला. त्याची बायको लेकराला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. त्या वर्षांत पुंडलिक सणासुदीला करमाडला जायचा, भावाला चार शब्द सुनावायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. आपण थोरले आहोत, सांगायचं ते सांगितलं, असं त्याला वाटायचं.

आई वारल्यावर गोकुळ आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन दाखल झाला. बाहेर पडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की काही महिने जुन्या जागी राहू नका.

"भावजींना आपल्याकडं आणा," द्वारका म्हणाली. हे आधी पुंडलिकला सुचायला हवं होतं. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं, की गोकुळ झोपणार कुठं, आणि बैठकीत झोपला तर कपाटाला धक्का तर लागणार नाही.

"आणि तेवढ्या बुधल्या आतल्या खोलीत ठेवा थोडे दिवस," ती पुढं म्हणाली.

"कशाला? रिकामी माती तर हाय."

"सगळ्या रिकाम्या हायेत?"

"सगळ्या."

हे खोटं होतं. एक भरलेली होती. हिवाळ्यात छावणीकडचा एक जुना बंगला पाडताना ती निघाली होती. तोंडाला लाल लाख, लाखेवर उमटवलेला शिक्का, सगळं जसंच्या तसं. कमरोद्दीननं ती त्याच्या कानाशी नेऊन हलवली होती. "सुनो पुंडलिकभाऊ, अंदर माल है अभी." आतून गुबूक असा आवाज आला होता. गटात फोटो टाकल्यावर दोन दिवस नुसत्या तिच्याच गप्पा चालल्या. विलायतेतल्या माणसानं लिहिलं, काही झालं तरी लाख उघडू नका. द्वारकेला कळलं तर ती असली वस्तू घरात ठेवू देणार नाही, म्हणून पुंडलिकनं तिला तेव्हाच सांगितलं नव्हतं. त्यामुळं आता खोटं बोलायला त्याला वेगळे कष्ट पडले नाहीत.

गोकुळ आला तो एक पिशवी घेऊन. अंगानं निम्मा झाला होता, हात मात्र पहिल्यासारखे शहाणे होते. आठवडाभरात त्यानं घरातला मिक्सर दुरुस्त केला, मग शेजाऱ्यांचे कूलर. उन्हाळा कडक होता. गल्लीतली माणसं त्याला हाका मारायला लागली. द्वारकेशी त्याचं चांगलं जमलं. तो तिला भाजी निवडून द्यायचा, नळाला पाणी आलं की बादल्या भरायचा. बैठकीत गादी टाकून झोपायचा. उशीवर डोकं टेकलं की त्याचं तोंड बरोबर कपाटाकडं यायचं. दुसरीकडं गादी पसरायला जागाच नव्हती.

एका रविवारी पुंडलिकनं त्याला बुधल्या दाखवल्या. भरलेली तेवढी वगळून एकेक काढून हातात दिली, शिक्का दाखवला, अंगठ्याचा ठसा दाखवला. कुणाला तरी दाखवायला मिळतंय याचाच त्याला आनंद झाला होता.

"हिचा वास घे," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनीबी संत्र्याच्या सालीचा येतो बघ."

गोकुळनं बुधली नाकाशी नेली. क्षणभर डोळे मिटले. मग अलगद भावाच्या हातात परत दिली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. पुंडलिकनं पुढची काढून पुसायला घेतली. त्याला खरंच काही जाणवलं नाही. पुढं ती दुपार त्याला किती वेळा आठवली याला गणती नाही.

मंगळवारी द्वारका भाचीच्या हळदीला फुलंब्रीला गेली. संध्याकाळी पुंडलिक कंपनीतून आला, पायातले बूट काढता काढता त्याची नजर कपाटाकडं गेली आणि तो तसाच एका पायावर थबकला. फळीवर लाल लाखेचा चुरा पडला होता. बुधलीच्या तोंडात बूच होतं, पण नुसतंच टेकवलेलं. त्यानं ती उचलली. हलकी लागली.

त्यानं सगळ्यात आधी काय केलं, तर तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. टवका उडालाय का ते पाहिलं. उडाला नव्हता. मग त्याला भाऊ आठवला.

गोकुळ स्वयंपाकघरात खिचडी टाकत होता. हाक ऐकून हात पुसत बाहेर आला.

"ही उघडली कुणी?"

गोकुळनं बुधलीकडं पाहिलं, मग भावाकडं. "दादा, ते..."

"तुला प्यायला दुसरं काही मिळालं नाही? लोकांनी इतकी वर्षं जपली ही, आणि तुला काही दिवस दम निघाला नाही. आईला खाल्लंस, बायको घालवलीस. आता इथं सुरू केलंस, माझ्या घरात?"

आवाज चढलेला नव्हता. पुंडलिक कंपनीत खराब माल बाजूला काढताना जसा बोलायचा, तसाच बोलत होता. गोकुळचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं, ते मिटलं.

"बुधली शाबूत हाय ना?" त्यानं विचारलं.

"बुधलीचं मी बघतो. तू तुझं बघ."

"व्हय," गोकुळ म्हणाला. "मपलं मी बघीन."

तो आत गेला, गॅस बंद केला, पिशवी भरली. जाताना म्हणाला, "खिचडी झाकून ठेवली हाय. वाफंवर शिजंल." पुंडलिक दारापर्यंतही गेला नाही. तो लाखेचा चुरा कागदावर गोळा करत होता. परत चिकटवता येईल का, याचा विचार करत होता.

द्वारका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली. पिशवीतून हळदीच्या घरचे लाडू काढत तिनं विचारलं, "भावजी कुठं गेले?"

"गेला," पुंडलिक म्हणाला. "तुझ्या लाडक्या भावजीनं कपाटातली दारू प्यायली. एक भरलेली होती त्यातली."

द्वारकेच्या हातातला लाडू हातातच राहिला.

"ती मी ओतली," ती म्हणाली.

पुंडलिकला आधी समजलंच नाही. तिनं मग सगळं सांगितलं. सोमवारी तो कामावर असताना गोकुळ कपाट पुसत होता. पुसता पुसता ती बुधली हलली आणि वाजली. त्यानं तिथल्या तिथं खाली ठेवली, स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला टेकून बसला. म्हणाला, वहिनी, एक भरलेली हाय. मला रातच्याला समोर ती दिसंल. तुम्ही तेवढी ओतून टाका, मपल्याच्यानं हात लाववायचा नाय. तेव्हा तिनं कपाटाशीच सुरीनं लाख काढली आणि आतली दारू मोरीत ओतली. तो तोवर खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता. वास जाईपर्यंत वर आला नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. रात्री तुम्ही आल्यापासून तुमच्या त्या गटात फोटो बघत बसला होता, कपाटाकडं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, हळद झाली की निवांत बोलावं." तिनं हातातला लाडू खाली ठेवला. "तुम्ही मला म्हणाला होता, सगळ्या रिकाम्या हायेत."

द्वारका आणखी बोलली असती तर पुंडलिकला बरं वाटलं असतं. ती उठली, लाडू डब्यात भरले आणि गोकुळचा फोन लावायला लागली. तो बंद होता.

पुंडलिक तसाच मोटारसायकल काढून करमाडला गेला. घराला कुलूप होतं. शेजारचे सखारामकाका ओट्यावर बसले होते. "इकडं नाय आला गोकुळ," ते म्हणाले. "तुझ्याकडं बरा हाय म्हनत व्हता की फोनवर. काहून, काय झालं?"

"काही नाही. सहज आलो होतो," पुंडलिक म्हणाला. त्यानं मोटारसायकल वळवली.

परतीच्या वाटेवर तो जालना रोडवरच्या प्रत्येक धाब्याशी, प्रत्येक दारूच्या दुकानाशी थांबला. जन्मात कधी ज्या दारांतून आत गेला नव्हता त्या दारांतून आत डोकावला. टेबलाटेबलावरची तोंडं पाहिली. गोकुळ कुठं नव्हता. चिकलठाण्याच्या अलीकडं एका दुकानाच्या पायरीवर उभा असताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण भावाला दुसरीकडं कुठं शोधलंच नाही. त्यानं काही केलं नव्हतं हे समजल्यावरसुद्धा आपले पाय इकडंच वळले. पायरीवरचा एकजण म्हणाला, "साहेब, आत जायचं तर जा, नाहीतर वाट सोडा." पुंडलिकनं वाट सोडली.

गुरुवारी तो सवयीनं छावणीत गेला, असं तो द्वारकेला म्हणाला. खरं तर भाऊ राहायला आल्यापासून कधीमधी त्याच्याबरोबर बाजारात यायचा, म्हणून गेला. कमरोद्दीननं त्याला पाहताच गोणपाटाचा कोपरा मोकळा केला.

"बैठो. तुमचा भाई आला होता सकाळी," तो म्हणाला. "एक पक्कड घेतली, दोन पाने घेतले. बोल रहा था, सिल्लोडला काम मिळालंय, पुंजाराम म्हणून कुणी आहे मोटारी भरणारा, त्याच्याकडं."

"कसा दिसत होता?"

कमरोद्दीननं एक कुलूप उचलून फडक्यानं पुसलं. "थकेला दिसत होता," तो म्हणाला. "तुम्ही जाऊन भेटा. फोनवर मत बोलो." मग म्हणाला, "तुमच्यासाठी एक पीस ठेवला आहे. दाखवू?"

"नको," पुंडलिक म्हणाला.

शनिवारी सुट्टी टाकून तो सिल्लोडच्या एसटीत बसला. बाजार समितीच्या मागं, मक्याच्या ट्रकांच्या गर्दीत पुंजारामचं पत्र्याचं दुकान होतं. गोकुळ मांडीत मोटार घेऊन तांब्याची तार गुंडाळत बसला होता. भावाला पाहून तो दचकला नाही. वेढा पुरा केला, तार दाबून ठेवली आणि मगच उठला. दोघं समोरच्या कडुनिंबाखाली गेले.

"मला द्वारकानं सांगितलं," पुंडलिक म्हणाला. "सगळं सांगितलं."

"वहिनीला काय बोलला नाय ना तू?"

"नाही."

"बरं केलं."

पुंडलिकनं येताना गाडीत मनाशी जुळवलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. "तू त्या वेळी का बोलला नाहीस रे? एक शब्द बोलला असतास तर..."

"बोलत व्हतो. तू बोलू दिलं नाय." गोकुळ जमिनीकडं पाहत होता. "आन् मंग मला वाटलं, ह्यानं नुसता जवळ येऊन मपल्या तोंडाचा वास घेतला असता तरी कळलं असतं. बुधल्यांचा घेतो. तेवढंबी तुला नाय वाटलं."

ट्रकवर मक्याची पोती चढत होती, धुरळा उडत होता. पुंडलिकनं खिशातला रुमाल काढला आणि तसाच हातात धरून राहिला.

"चूक झाली माझी."

"झाली," गोकुळ म्हणाला. मग त्यानं मान वर केली. "तुला एक सांगतो, कुणाकडून कळन्यापरीस मीच सांगतो. त्या रातच्याला मी प्यायलो, दादा. स्टँडजवळ. लई प्यायलो. दुसरा दिवस कुठं गेला ते बी आठवत नाय."

"माझ्यामुळं," पुंडलिक म्हणाला.

"नाय. हात मपला व्हता, तोंड मपलं व्हतं." गोकुळ हे ओरडून नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला मोटारीचं काय बिघडलं ते सांगावं तसं सांगत होता. "तुझ्यामुळं म्हनलं की मंग सोपं जातं. केंद्रात हेच शिकिवलंय. मपलं मी नाव घेतो."

पुंडलिकला वाटलं होतं भाऊ चिडेल, शिव्या देईल, निदान तोंड फिरवून घेईल. त्यातलं काहीच झालं नाही. भावानं त्याच्या वाट्याचा दोषसुद्धा काढून आपल्या पिशवीत टाकला होता, आणि तो परत मागायचा कसा हे पुंडलिकला कळेना.

"घरी चल. मी सगळ्या बुधल्या उद्याच कमरोद्दीनला देऊन टाकतो."

"देऊ नको. त्यांनी काय केलं?" गोकुळ पहिल्यांदाच थोडा हसला. "मी इथंच राहतो. पुंजारामभाऊ बरा मानूस हाय, तो बी दारू सोडलेला हाय. इथं दर रविवारी बैठक असती सोडलेल्या लोकांची. घरचे लोकबी येतात. तुला यायचं तर ये."

घरी आल्यावर पुंडलिकनं काचेचं कपाट रिकामं केलं. बुधल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. टाकून द्यायचं म्हटलं तरी धीर झाला नाही. टाकून दिलं की आपण सुटल्यासारखं होईल, असंही त्याला वाटलं. गटात कुणीतरी विचारलं, त्या लाखबंद बुधलीचं काय झालं. त्यानं लिहिलं, उघडली गेली. विलायतेतल्या माणसानं फार हळहळ व्यक्त केली. पुंडलिकनं तो निरोप वाचला आणि गटातून बाहेर पडला.

पुढच्या रविवारी तो आणि द्वारका सिल्लोडला गेले. शाळेच्या एका वर्गात बैठक होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. शेतकरी होते, एक वकील होता, दाढीवाले एक हाजीसाहेब होते, एक तरणी बाई आपल्या नवऱ्याशेजारी बसली होती. एकेकजण उठून आपलं नाव सांगे आणि काय झालं ते सांगे. कुणी कुणाला मध्ये तोडत नव्हतं.

गोकुळची पाळी आली. तो उभा राहिला, सदऱ्याची बाही खाली ओढली.

"मी गोकुळ," तो म्हणाला. "मधी मी घसरलो. आता पुन्यांदा पहिल्यापासून धरलंय. घरी काही कारन नव्हतं. घरची मानसं चांगली हायेत, थोरला भाऊ हाय, वहिनी हाय, त्यांनी मला ठेवून घेतलं व्हतं. माझं मलाच आवरलं नाय."

लोकांनी माना हलवल्या. वकिलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघातिघांनी वळून पुंडलिककडं पाहिलं, चांगला भाऊ आहे अशा नजरेनं. द्वारका मात्र समोरच्या फळ्याकडं पाहत होती.

बैठक चालवणाऱ्या माणसानं विचारलं, "घरच्यांपैकी कुणाला काही बोलायचं आहे का?"

पुंडलिकनं बाकाची कड धरली. कारण होतं, एवढंच बोलायचं होतं. दोन शब्द. त्याचे गुडघे बाकाखाली अडकलेले होते, ते सोडवून उठायला थोडा वेळ लागणार होता, आणि तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "बरं, मग चहा घेऊ."

बाहेर व्हरांड्यात गोकुळनं दोन पेले आणले, एक वहिनीला दिला आणि एक भावाला. "साखर जास्त असती इथं," तो म्हणाला. पुंडलिकनं चहा घेतला. द्वारका त्या तरण्या बाईशी बोलायला पलीकडं गेली.

"पुढच्या रविवारी येऊ?" पुंडलिकनं विचारलं.

"ये की," गोकुळ म्हणाला, आणि स्वतःसाठी पेला आणायला आत गेला.